मध्यरात्रीची वीतभर सावली

गेल्या डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्टर फिरत होतं. 'विंटर सोल्स्टिस मून मेडिटेशन. २१ डिसेंबर, रात्री ८ वाजून ३३ मिनिटं. चंद्राच्या ऊर्जेने मन स्थिर करा.' शुल्क अजिबात माफक नव्हतं. वेळ मात्र अचूक होती. २०२५ मधला हिवाळी अयनाचा, म्हणजे सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोहोचण्याचा, क्षण खरंच तोच. घोळ एवढाच, की आदल्या दिवशी सकाळी अमावास्या संपली होती. २१ ला नखाच्या कातरणाएवढी कोर सूर्यामागोमाग मावळली, आणि साडेआठला चंद्र क्षितिजाच्या पार खाली होता. सगळ्यांचे डोळे मिटलेले असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नसावं.

थट्टा राहू द्या. स्थिर होण्यासाठी माणसाने नेमका हाच काळ निवडला, त्याला आकाशात आधार आहे. झोका टोकाला गेला की क्षणभर अडतो आणि मग परत फिरतो, तसाच सूर्य डिसेंबरात दक्षिणेच्या टोकाला अडतो. मार्चमध्ये दुपारचा सूर्य दररोज पाऊण बिंबाएवढा उत्तरेला सरकतो. पण २१ डिसेंबरच्या अलीकडचे दहा आणि पलीकडचे दहा, अशा वीस दिवसांत मिळून तो एका बिंबाएवढाही हलत नाही. आमच्या गच्चीवरून बघाल तर तेवढे दिवस तो समोरच्या इमारतीच्या एकाच पाण्याच्या टाकीमागे मावळतो. तिथून परतायला लागला की उत्तरायण. संक्रांतीची वाट तो बघत नाही. संक्रांत ताऱ्यांच्या हिशोबाने येते आणि पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत असल्याने तो हिशोब साधारण ७२ वर्षांत एका दिवसाने पुढे सरकतो. असो.

माझा जीव अडकलाय तो चंद्रात.

कोजागरीचं कौतुक मोठं. मसाला दुधात चंद्र बघायचा तो तेव्हाच. पण खरा डोक्यावर येणारा चंद्र मार्गशीर्ष-पौषातला. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. सूर्य दक्षिणेला उतरला की पौर्णिमेचा चंद्र उत्तरेला चढतो, म्हणजे जूनमधला सूर्य ज्या वाटेने जातो जवळजवळ त्याच वाटेने. थंडीतला सूर्य कललेला आणि थंडीतला चंद्र माथ्यावर, ही एकाच तराजूची दोन पारडी.

'जवळजवळ' म्हटलं, कारण इथे एक गंमत आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीत नाही, ती सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. या दोन पातळ्या एकमेकींना जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे आपले राहू आणि केतू. तिथे ना ग्रह आहे ना दगड, नुसता भूमितीतला छेद. हे बिंदू उलट्या दिशेने सरकत १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात. त्यामुळे काही वर्षं हे ५ अंश सूर्याच्या कमाल २३.४ अंशांत मिळवले जातात आणि चंद्र विषुववृत्तापासून साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत उत्तरेला जातो. अर्ध्या फेरीनंतर तेच ५ अंश वजा होतात आणि त्याची मजल १८.३ अंशांवरच संपते. २०१५ च्या आसपास वजाबाकी होती, २०२४-२५ मध्ये बेरीज. सूर्य वर्षातून दोनदा अडतो, तसं चंद्राच्या मर्यादेचं हे टोक एवढ्या वर्षांनी एकदा येतं. राहू कुणाचं लग्न अडवत नाही. पण तुमच्या सावलीची लांबी काही सेंटीमीटरने नक्की बदलतो.

ती मी मोजली. ४ डिसेंबर २०२५, दत्तजयंती. संध्याकाळी देवळात पाळणा झाला, सुंठवडा खाल्ला आणि मध्यरात्री टेप घेऊन गच्चीवर गेलो. पुणं साडेअठरा अक्षांशावर. चंद्र तेव्हा विषुववृत्ताच्या २७ अंश उत्तरेला, म्हणजे आमच्या माथ्याच्याही आठ-साडेआठ अंश पलीकडे. माझी उंची १६५ सेंटीमीटर, सावली भरली २४. वीतभर! तीही दक्षिणेला पडलेली. त्याच दिवशी दुपारी माझीच सावली उत्तरेला जवळपास दीड मीटर लांबली होती. बारा तासांत सावली आखडली आणि उलटलीही. टेप हातात घेऊन मी बराच वेळ नुसता उभा होतो. त्याला ध्यान म्हणायचं असेल तर म्हणा.

'शरीरात इतकं पाणी, मग चंद्र आपल्यालाही ओढणारच' असं त्या पोस्टरखाली कुणीतरी लिहिलं होतं. भरती येते ती पृथ्वीच्या चंद्राकडच्या आणि पलीकडच्या बाजूंवरच्या ओढीत फरक पडतो म्हणून. त्याला हजारो किलोमीटरचा पसारा लागतो. साडेपाच फुटांत तो फरक नगण्य. तांब्यातल्या पाण्याला भरती येत नाही.

वजाबाकीची वर्षं पुन्हा २०३४ च्या सुमारास येतील. तेव्हा हिवाळ्यातला चंद्र पुण्याच्या अगदी माथ्यावरून जाईल आणि मे महिन्यात भर दुपारी सूर्य माथ्यावर येतो त्या शून्य सावलीच्या दिवसासारखी चांदण्यातली सावलीही पायाखाली गडप होईल.

तोवर थांबायचं नसेल तर २०२६ ची मार्गशीर्ष पौर्णिमा आहेच. ती २२ डिसेंबरच्या अयनाला अगदी लागून येते. २३ च्या रात्री साडेबाराच्या थोडं आधी गच्चीवर जा. शाल घ्या, टेप घ्या. गच्चीवरचा दिवा मात्र आधी बंद करा, नाहीतर सावल्या दोन पडतील आणि चंद्राची कुठली यावर वाद घालण्यातच रात्र जाईल.