गाठ थांबेल, कानाचं काय?

एका कानाने फोनवरचं बोलणं नीट कळेनासं होतं. आवाज येतो, पण शब्द उलगडत नाहीत. फोन आपोआप दुसऱ्या कानाला लागायला लागतो आणि ही सवय कधी जडली तेही लक्षात येत नाही. कानात बारीक शिट्टी वाजत राहते, अंधारात चालताना तोल जरा जातो. मग ऐकण्याची तपासणी होते, एमआरआय होतो आणि रिपोर्टमध्ये अ‍ॅकूस्टिक न्यूरोमा, म्हणजे कानाच्या नसेवरची गाठ, हे नाव येतं. त्यानंतर रुग्ण आणि घरचे एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतात: ऑपरेशन करायचं, रेडिएशन घ्यायचं, की नुसतं लक्ष ठेवायचं?

रेडिएशनबद्दल एक गोष्ट मला आधीच सांगावीशी वाटते, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच होतो. रेडिएशन दिलं जातं ते गाठीची वाढ थांबवण्यासाठी. गेलेलं ऐकू येणं त्याने परत येत नाही आणि आहे ते टिकेलच याची हमीही मिळत नाही. गाठीचा हिशेब वेगळा आणि कानाचा हिशेब वेगळा. दोन्हींची सरमिसळ झाली की उपचार यशस्वी होऊनही माणूस निराश होतो.

ही गाठ कॅन्सरची नसते. आतल्या कानातून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या नसेचे दोन भाग असतात, एक ऐकण्याचा आणि एक तोल सांभाळण्याचा. नसेभोवती आवरण तयार करणाऱ्या ‘श्वान’ (Schwann) नावाच्या पेशी असतात. त्या तोलाच्या भागावर विनाकारण वाढू लागल्या की ही गाठ तयार होते. ती शरीरात इतरत्र पसरत नाही. अडचण आहे ती जागेची. कानाच्या हाडातल्या ज्या अरुंद बोगद्यातून ही नस जाते, त्याच बोगद्यातून चेहऱ्याचे स्नायू हलवणारी सातवी नसही जाते. गाठ बोगद्याबाहेर वाढली की लहान मेंदू आणि मस्तिष्कस्तंभाला, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाला, जाऊन टेकते. म्हणून दोन सेंटिमीटरची निरुपद्रवी म्हणावी अशी गाठही इथे दुर्लक्ष करण्यासारखी नसते.

पण घाईचीही नसते. बऱ्याच गाठी वर्षाला एखाद-दोन मिलिमीटरने वाढतात आणि अनेक गाठी निदानानंतर वर्षानुवर्षं तेवढ्याच राहतात. त्यामुळे लहान गाठ असलेल्या माणसाला विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला आणि सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करून पाहायला बहुतेक वेळा पुरेसा वेळ असतो. हा वेळ वापरावा असं माझं ठाम मत आहे.

मेंदूतल्या एका बिंदूवर बाहेरून किरण एकवटायचे ही कल्पना स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी 1951 मध्ये मांडली. किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 वापरणारं त्यांचं पहिलं यंत्र, गॅमा नाइफ, 1968 च्या सुमारास सुरू झालं आणि 1969 मध्ये त्यावर पहिल्या अ‍ॅकूस्टिक न्यूरोमावर उपचार झाले. तत्त्व आजही तेच आहे. अलीकडच्या यंत्रांत कोबाल्टचे 192 स्रोत असतात. प्रत्येकातून निघणारा किरण इतका क्षीण असतो की वाटेतल्या मेंदूला त्याची फारशी झळ लागत नाही, पण सगळे किरण जिथे एकमेकांना छेदतात तिथे डोस एकदम चढतो. चाकू नाही, चीर नाही. गाठीतल्या पेशींच्या डीएनएला इजा होते, त्यांची विभागणी बंद पडते आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही हळूहळू आकसतात.

आज गाठीच्या कडेला साधारण 12 ते 13 ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक) इतका डोस एकदाच देतात. कडेला मिळणारा डोस हा बहुधा मधल्या सर्वाधिक डोसच्या निम्मा ठेवतात, म्हणजे गाठीच्या आत कुठेतरी 24-25 ग्रेपर्यंत डोस पोचतो. सुरुवातीच्या काळात कडेलाच 18 ते 20 ग्रे आणि कधी त्याहूनही जास्त देत. गाठी थांबत, पण चेहऱ्याची नस दुखावण्याचं आणि गाल बधिर होण्याचं प्रमाण बरंच होतं. 1990 च्या दशकात एमआरआयमुळे गाठीची कड नेमकी दिसू लागली आणि डोस कमी करत आणला. गाठीवरचा ताबा जवळपास तसाच राहिला आणि चेहऱ्याचा त्रास खूप घटला. आजच्या डोसवर दहापैकी नऊहून अधिक गाठी दीर्घकाळ थांबून राहतात आणि चेहरा वाकडा होण्याची शक्यता अगदी थोड्या टक्क्यांची आहे. जुन्या उपचारांच्या कहाण्या ऐकून घाबरलेल्यांनी हा डोसमधला फरक जरूर विचारात घ्यावा.

आता कान. इथले आकडे तेवढे सुखाचे नाहीत. ऐकण्याच्या तपासणीत नुसते सूर ऐकवून भागत नाही. हेडफोनमधून एकेक शब्द ऐकवतात आणि रुग्णाने तो म्हणून दाखवायचा असतो. सरासरी 50 डेसिबलपर्यंतचे सूर ऐकू येत असतील आणि निम्मे तरी शब्द बरोबर येत असतील, तर त्या कानाला ढोबळमानाने उपयोगी श्रवण आहे असं मानतात. रेडिएशननंतर पहिली दोन-तीन वर्षं बऱ्याच जणांचं हे श्रवण टिकतं, पण नंतर उतरत जातं. दहा वर्षांनी ते टिकून असलेले लोक निम्म्याहून कमी असतात. उपचाराच्या वेळी ऐकणं जितकं चांगलं, तितकी ते टिकण्याची शक्यता जास्त. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॉक्लियाला, म्हणजे आतल्या कानातल्या शंखाकृती अवयवाला, किती किरण मिळाले. उपचाराचा आराखडा करताना पडद्यावर गाठीची कड आखतात, तशीच या वाटाण्याएवढ्या कॉक्लियाचीही आखतात. तिचा सरासरी डोस 4 ग्रेच्या आसपास किंवा त्याखाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. गाठ बोगद्याच्या अगदी टोकापर्यंत घुसलेली असेल तर ते नेहमी जमत नाही. कान अजून चांगला असेल, तर माझ्या कॉक्लियाला किती डोस जाणार, हे उपचाराआधी विचारणं रुग्णाचा हक्कच आहे.

मग कान वाचवण्यासाठी लवकर रेडिएशन घ्यावं का? याचं उत्तर देणारी एक चांगली चाचणी नॉर्वेत झाली आणि 2023 मध्ये तिचे निष्कर्ष आले. नुकतंच निदान झालेले, लहान व मध्यम आकाराची गाठ असलेले 100 रुग्ण चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत विभागले. एका गटाला लगेच रेडिएशन, दुसऱ्यावर एमआरआयने लक्ष आणि गाठ वाढली तरच उपचार. चार वर्षांनी पहिल्या गटातल्या गाठींचं आकारमान सरासरी मूळच्या 0.87 पट झालं होतं, दुसऱ्या गटात 1.51 पट. गाठीच्या बाबतीत रेडिएशनचा फायदा स्पष्ट होता. पण ऐकू येण्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. ते दोन्हींकडे घटतच गेलं. आणि लक्ष ठेवलेल्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांना चार वर्षांत कुठल्याच उपचाराची गरज पडली नाही.

मला या चाचणीतून दोन्ही बाजूंना बळ मिळालेलं दिसतं. ज्याला गाठ वाढण्याची टांगती तलवार नको, त्याने लवकर उपचार घेण्यात काही गैर नाही. ज्याला गरज पडेपर्यंत उपचार नको, त्यानेही वेळच्या वेळी एमआरआय केला तर काही गमावल्यासारखं नाही. चूक होते ती फक्त लक्ष ठेवतो म्हणून नंतर एमआरआयच न करण्यात.

गाठ साधारण तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली आणि मस्तिष्कस्तंभाला दाबू लागली, तर गणित बदलतं. रेडिएशनचा परिणाम व्हायला महिने-वर्षं लागतात. दाब आज कमी करायचा असेल तर ऑपरेशनच लागतं. अशा वेळी काही सर्जन चेहऱ्याच्या नसेला चिकटलेला थोडा भाग मुद्दाम मागे ठेवतात आणि पुढे त्यावर रेडिएशन देतात. उलट क्रम अवघड असतो. रेडिएशन घेतलेली गाठ पुढे काढायची वेळ आली, तर ती नसेला अधिक चिकटलेली सापडू शकते.

एकाच वेळी डोस द्यायचा की हप्त्यांनी, हा प्रश्न रुग्णांना फार छळतो. सायबरनाइफसारख्या यंत्रावर तीन ते पाच दिवसांत उपचार करता येतात. नेहमीच्या पद्धतीने पाच-सहा आठवडे रोज थोडं थोडं, एकूण 50 ग्रेच्या आसपासही देतात. गाठ थांबवण्यात या पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या आहेत आणि हप्त्यांमुळे कान नक्की जास्त वाचतो असं ठामपणे दाखवता आलेलं नाही. यंत्राच्या नावापेक्षा ते हाताळणाऱ्या चमूने अशा किती गाठींवर उपचार केले आहेत, याला मी जास्त वजन देईन.

किरणांमुळे पुढे कॅन्सर होईल का, ही भीती स्वाभाविक आहे. 2019 मध्ये जवळपास पाच हजार रुग्णांचा, अनेक देशांतल्या केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच वेळच्या रेडिएशननंतर मेंदूत नवा कॅन्सर होण्याचा धोका सर्वसामान्य लोकांइतकाच, अतिशय कमी असल्याचं त्यात दिसलं. वयाच्या तिशीत उपचार घेणाऱ्यापुढे आयुष्य लांब असतं, म्हणून त्याने हा मुद्दा डॉक्टरांशी वेगळा बोलावा. दोन्ही कानांना गाठी करणारा एनएफ-2 हा जनुकीय आजार असेल, तर धोक्याचं आणि फायद्याचं गणित सर्वस्वी निराळं असतं. वरचे आकडे त्या रुग्णांना लावू नयेत.

रेडिएशननंतर सहा ते अठरा महिन्यांत गाठ मोठी झालेली दिसू शकते, हे आधी माहीत नसेल तर घरात रडारड होते. किरणांमुळे आतला भाग मरतो, गाठ सुजते. एमआरआयवर तिचा मध्य काळपट दिसतो. पुढच्या एक-दोन वर्षांत ती सूज बहुधा ओसरते. डोकेदुखी, चालताना जास्त तोल जाणं किंवा उलट्या अशी नवी लक्षणं नसतील, तर निव्वळ त्या एका रिपोर्टवरून ऑपरेशनची घाई करू नये. गाठ खरोखर वाढते आहे का हे ओळखण्यासाठी नवा एमआरआय नेहमी उपचाराच्या दिवशीच्या एमआरआयशी आणि मधल्या सगळ्यांशी ताडून पाहावा लागतो. त्यामुळे त्या दिवसाची सीडी आणि डोसचा आराखडा रुग्णाने मागून घ्यावा आणि स्वतःजवळ ठेवावा, डॉक्टर बदलले तरी.