बारा व्होल्टच्या पाटीमागे: पॅनेल आणि चार्ज कंट्रोलरच्या जोडीची पार्श्वभूमी

छोट्या सोलर पॅनेलच्या मागे ‘१२ व्होल्ट’ अशी पाटी असते. तेच पॅनेल उन्हात धरून दोन टोकांना मल्टिमीटर लावला की आकडा येतो २१ किंवा २२. पॅनेल बिघडलेले नसते आणि मीटरही चुकत नसतो. पाटीवरचे १२ हे मुळात पॅनेलचे व्होल्टेज नाहीच. हे पॅनेल कोणत्या बॅटरीसाठी आहे, एवढेच ती पाटी सांगते. ती लागली तेव्हा पॅनेल बॅटरीच्या मापाने बेतली जात. पुढे मापे घेणारा गिऱ्हाईकच बदलला, पाटी मात्र राहिली. पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणारा डबा) निवडताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ इथे सापडते.

सौर सेल आणि बॅटरी यांची गाठ अगदी सुरुवातीपासूनची. बेल प्रयोगशाळेतले डॅरिल चॅपिन ज्या कामाला लागले होते ते होते दमट, दुर्गम भागांतल्या टेलिफोन यंत्रणेला वीज पुरवण्याचे, कारण तिथे कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत. त्यांनी कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पियर्सन यांच्यासह केलेला सिलिकॉन सेल २५ एप्रिल १९५४ रोजी जगापुढे आला. पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्क्यांची वीज होत असे. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अमेरिकस गावाजवळच्या ग्रामीण टेलिफोन लाइनवर त्याची चाचणी झाली: दिवसा पॅनेलने बॅटरी भरायची, रात्री बॅटरीने लाइन चालवायची. यंत्रणा चालली, पण खर्च परवडेना. त्यामुळे सेल आधी अंतराळात गेले; १९५८ चा व्हॅनगार्ड-१ हा सौर सेल वापरणारा पहिला उपग्रह.

जमिनीवर ते परतले १९७० च्या दशकात. एलियट बर्मन यांच्या कंपनीने, एक्सॉनच्या पैशावर, वॅटमागे १०० डॉलरच्या आसपास असलेली किंमत २० डॉलरपर्यंत खाली आणली. तीही महागच, पण समुद्रातल्या तेलफलाटांवरचे दिवे आणि बोयांच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या) बॅटऱ्या बदलायला माणसे पाठवण्यापेक्षा स्वस्त. या सगळ्या ठिकाणी बॅटरी होती लेड-अ‍ॅसिडची: दोन व्होल्टचे सहा सेल, म्हणजे नावाला १२ व्होल्ट. ती पूर्ण भरायची तर टोकांवर १४.४ व्होल्टच्या आसपास दाब द्यावा लागतो. पॅनेल बनवणाऱ्यांपुढचा प्रश्न एवढाच होता की त्यासाठी किती सेल ओळीने जोडावेत.

उत्तर ३६ असे ठरले. काम करताना सिलिकॉनचा एक सेल सुमारे अर्धा व्होल्ट देतो, म्हणजे ३६ सेलचे १८. १४.४ साठी १८ ही उधळपट्टी वाटते. पण पाटीवरचे आकडे सेलचे तापमान २५ अंश धरून काढलेले असतात, आणि भर उन्हात सेल सहज ६० अंशांवर जातो. कमाल शक्तीच्या वेळचे व्होल्टेज दर अंशाला साधारण ०.४ टक्का घसरते. पस्तीस अंशांची वाढ म्हणजे १४ टक्के घट, आणि १८ चे झाले १५.५. रात्री बॅटरीची वीज पॅनेलमधून उलटी वाहू नये म्हणून लावलेला डायोड त्यातले अर्धा-पाऊण व्होल्ट खातो, वायर आणखी थोडे. उरतात जेमतेम साडेचौदा. ३६ हा आकडा असा काटेकोर हिशेबातून आला आहे.

मधल्या काळात ३० ते ३३ सेलची ‘स्वनियंत्रित’ पॅनेलही निघाली. बॅटरी भरत आली की पॅनेलचा जोर आपोआप कमी पडेल, म्हणजे कंट्रोलर नकोच, असा विचार. उष्ण हवेत ही पॅनेल बॅटरी कधीच पूर्ण भरत नसत, प्लेटांवर सल्फेट धरे आणि बॅटरी अकाली जाई. आता ती क्वचितच दिसतात. जुन्या मालात ‘१२ व्होल्ट’चे पॅनेल घेताना सेल मोजून घ्यावेत ते यासाठी.

छत्तीस सेलचे पॅनेल मात्र कंट्रोलरशिवाय चालत नाही, कारण थंड हवेत ते बॅटरी उकळत ठेवते आणि पाणी आटवते. पहिले कंट्रोलर शंट जातीचे: बॅटरी भरली की पॅनेलची दोन टोके एकमेकांना जोडून टाकायची. जनरेटरला असे केले तर तो जळेल. पॅनेलला काही होत नाही, त्याचा करंट ठरावीक मर्यादेपलीकडे जातच नाही. मग आले रिलेवाले: १४.४ ला तोडायचे, १३ च्या आसपास पुन्हा जोडायचे. त्यांचा दोष असा की लेड-अ‍ॅसिडचा शेवटचा पंधरा-वीस टक्के भाग तासन्‌तास स्थिर दाबावर हळूहळू भरावा लागतो, आणि रिले नेमका तेव्हाच हात काढून घेई. पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन) कंट्रोलरने हे दुखणे मिटवले. त्यातला ट्रान्झिस्टर सेकंदाला कित्येकदा उघड-मीट करतो आणि जोडलेल्या वेळेचे प्रमाण बदलत दाब धरून ठेवतो.

तरीही पीडब्ल्यूएम हे शेवटी एक बटणच. जेवढे अँपियर पॅनेलमधून येतात तेवढेच बॅटरीत जातात, आणि बटण चालू असताना पॅनेलचे व्होल्टेज बॅटरीच्या पातळीला खेचले जाते. १८ व्होल्ट, ५.५ अँपियरचे १०० वॅटचे पॅनेल १३ व्होल्टच्या बॅटरीवर ७२ वॅटच देते. गरम पॅनेलचे व्होल्टेज तसेही उतरलेले असल्याने प्रत्यक्षातला तोटा याहून कमी. बॅटरीच्या मापाच्या पॅनेलसाठी हा कंट्रोलर पुरेसा होता, आणि ५०-१०० वॅटच्या जोडणीला आजही पुरतो. तिथे एमपीपीटीवर (पॅनेलची कमाल शक्ती काढून घेणाऱ्या महाग कंट्रोलरवर) जादा खर्च करण्याऐवजी थोडे मोठे पॅनेल घेणे शहाणपणाचे.

मग गिऱ्हाईक बदलला. जर्मनीने १९९० मध्ये हजार छपरांची योजना आणली, जपानने १९९४ मध्ये सत्तर हजार छपरांची, आणि २००० मध्ये जर्मनीच्या कायद्याने ग्रिडला (सार्वजनिक वीजजाळ्याला) दिलेल्या सौर विजेला ठरावीक दर मिळू लागला. ग्रिडच्या इन्व्हर्टरला शेकडो व्होल्ट लागतात, ते पॅनेलांची लांब ओळ करून मिळवायचे असतात. तिथे एका पॅनेलमध्ये किती सेल हे बॅटरी ठरवत नाही. काचेचा आकार, वजन आणि वाहतूक ठरवते. म्हणून ६० सेल आले, आणि आता १०८ अर्धे सेल. (अर्धे सेल दोन समांतर गटांत असतात, त्यामुळे व्होल्टेज ५४ सेलचेच.) उत्पादन या मापांकडे वळले आणि वॅटमागची किंमतही इथेच कोसळली. दर वॅटच्या हिशेबाने छोटे ‘१२ व्होल्ट’ पॅनेल आता महाग पडते, आणि माणूस साहजिकच मोठे पॅनेल उचलतो.

अशा ४०० वॅटच्या पॅनेलचे कामाचे व्होल्टेज ३१, करंट १२.९ अँपियर. जुना पीडब्ल्यूएम लावून ते १३ व्होल्टच्या बॅटरीला जोडले तर मिळतात १६८ वॅट. निम्म्याहून अधिक पॅनेल छपरावर शोभेला. २४ व्होल्टच्या बॅटरीवर वेगळाच घोळ होतो. ‘३१ म्हणजे २४ ला भरपूर’ असे वाटते, पण बॅटरीला हवेत २८.८ आणि तापलेले पॅनेल येते २७ च्या आसपास. सकाळच्या गारव्यात चार्जिंग झकास दिसते, दुपारी करंट उतरतो, बॅटरी रोज अर्धवट भरते आणि काही महिन्यांनी दोष बॅटरीवर येतो.

हा सांधा जुळवायचे काम एमपीपीटीचे. त्यात कॉइल आणि ट्रान्झिस्टर मिळून व्होल्टेज उतरवतात आणि त्या प्रमाणात करंट चढवतात. पॅनेल ३१ व्होल्टवर राहते, बॅटरीकडे १३ व्होल्टने सुमारे २९ अँपियर जातात. तंत्र अंतराळयानांतले, १९६० च्या दशकापासूनचे. मायक्रोप्रोसेसर आणि ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर ते छोट्या जोडणीत उतरले. नावापुरते एमपीपीटी लिहिलेले पीडब्ल्यूएमही विकले जातात. डबा हाताला हलका लागला तर संशय घ्यावा. खात्री करायची तर उतरलेली बॅटरी जोडून भर उन्हात दोन्ही बाजूंचे अँपियर मोजावेत. पॅनेलचे व्होल्टेज बॅटरीइतकेच उतरले आणि अँपियर सारखेच आले, तर आत फक्त बटण आहे.

एमपीपीटीवरचे ‘१००/३०’ हे आकडे दोन वेगळ्या बाजूंचे असतात. ३० अँपियर बॅटरीकडचे: १२ व्होल्टला साधारण ४०० वॅट, २४ ला ८००. पॅनेल याहून थोडे जास्त असले तर कंट्रोलर जादा भाग घेत नाही, इतकेच. १०० व्होल्ट पॅनेलकडचे, आणि तिथे माफी नाही. मोजायचे ते काही न जोडलेल्या पॅनेलचे व्होल्टेज, तेही थंडीतले. समजा प्रत्येकी ३७.२ व्होल्टची दोन पॅनेल ओळीने जोडली. बेरीज ७४.४, आणि ७५ व्होल्टचा कंट्रोलर कागदावर बसतो. सेल १० अंशांवर असेल तर, दर अंशाला ०.२७ टक्क्याने, हेच ७७ च्या वर जाते. थंड पहाटेनंतरचे पहिले स्वच्छ ऊन आणि कंट्रोलर खलास. तिथे १०० व्होल्टचाच घ्यावा.

बॅटरीही बदलली. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम आयर्न फॉस्फेटचे गुण प्रसिद्ध केले, आणि पुढे चार सेलचे १२.८ व्होल्टचे पॅक लेड-अ‍ॅसिडच्या जागी बसू लागले. कंट्रोलरच्या सवयी मात्र जुन्याच होत्या. थंडीत व्होल्टेज वाढवणे आणि अधूनमधून १५ च्या वर नेऊन सेल समान करणे लेड-अ‍ॅसिडला हवे असते. लिथियमसाठी दोन्ही बंद करावे, १४.२ ते १४.४ पुरते, आणि शून्य अंशाखाली चार्ज करू नये. नाही तर पॅकमधला बीएमएस (सेलची राखण करणारे सर्किट) मध्येच बॅटरी तोडतो आणि कंट्रोलर चालू असतानाच बॅटरीविना राहतो. त्या झटक्यात कंट्रोलरच्या लोड टोकांवर (उपकरणांना वीज देणाऱ्या टोकांवर) लावलेली उपकरणे जाऊ शकतात. जोडतानाही आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट. बरेच कंट्रोलर १२ की २४ हे आधी दिसलेल्या बॅटरीवरून ठरवतात.

पॅनेल किती वॅटचे, हे फक्त वापरावरून काढले जाते आणि तिथेही फसगत होते. दिवसाला ३०० वॅट-तास, पूर्ण उन्हाचे चार तास आणि ३० टक्के घट धरली तर उत्तर येते १०७ वॅट. पण दोन दिवसांची बेगमी आणि निम्माच उपसा धरला तर लेड-अ‍ॅसिडची १०० अँपियर-तासांची बॅटरी लागते, आणि तिला निरोगी राहायला क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे १० अँपियर, करंट हवा. छत्तीस सेलच्या पॅनेलमध्ये तो १८० वॅटला मिळतो. १० मीटर अंतरावर ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर याच १० अँपियरला जाऊन-येऊन ०.९ व्होल्ट गिळते. वर काढलेल्या साडेचौदाच्या हिशेबात एवढी जागा नाही, तिथे १० चौरस मिलिमीटर घालावी लागते.

२०२० नंतर सेलचे आकार १८२ आणि २१० मिलिमीटर झाले आणि एका पॅनेलचा शॉर्ट-सर्किट करंट (दोन टोके थेट जोडल्यावर वाहणारा) १४ ते १८ अँपियरवर गेला. पूर्वी ज्याकडे कोणी पाहत नसे ती कंट्रोलरच्या माहितीपत्रकातली पॅनेलकडच्या कमाल शॉर्ट-सर्किट करंटची ओळ त्यामुळे महत्त्वाची झाली. छोट्या कंट्रोलरला ती १५ असते. दोन नवी पॅनेल समांतर जोडली की ती ओलांडली जाते. एरवी काही बिघडत नाही, पण वायरी चुकून उलट्या लागल्या तर आतल्या संरक्षणाला एवढा करंट झेपत नाही. तीच दोन पॅनेल ओळीने जोडली तर करंट एकाच पॅनेलचा राहतो आणि ताण व्होल्टेजच्या मर्यादेवर जातो.