जैवरेणू

सजीवांच्या पेशी ज्या रासायनिक संयुगांनी घडतात त्यांना जैवरेणू म्हणतात. प्रथिने, मेद, न्यूक्लिइक आम्ले आणि कर्बोदके हे त्यांचे चार मोठे गट. वडाच्या पानातली पेशी घ्या, दह्यातला जीवाणू घ्या किंवा माणसाचे यकृत घ्या, गट हेच चार निघतात. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस आणि गंधक या सहा मूलद्रव्यांवर त्यांचा बहुतेक कारभार चालतो. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, लोह ही त्या मानाने थोडी लागतात, पण त्यांच्यावाचून पेशी जगत नाही.

या चौघांच्या आधी पाण्याचे नाव घ्यायला हवे. शाळेत ते एका ओळीत उरकले जाते, हे बरे नाही. पेशीच्या वजनात साधारण ७० टक्के पाणीच असते. थंडीत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले पाहिले की ही गोष्ट आकड्यावाचूनही कळते. ताजा बोंबील इतका लिबलिबीत की हातातून निसटतो. जबड्यात जबडा अडकवून त्याच्या जोड्या दोरीवर टांगतात, आणि ऊन-वाऱ्याने काही दिवसांत त्याची काडी होते. गेले ते पाणी. उरली ती मुख्यतः प्रथिने, थोडे मेद आणि क्षार. जिवंत पेशीत मात्र पाणी नुसती जागा भरत नाही. प्रथिनाची साखळी कशी दुमडायची आणि मेदाचे रेणू कुठे तोंड करून उभे राहायचे, हे बऱ्याच अंशी पाणीच ठरवते.

प्रथिने २० प्रकारच्या ॲमिनो आम्लांची गुंफलेली साखळी असते. कोणते आम्ल कितव्या जागी, यावर साखळीची घडी ठरते आणि घडीवर तिचे काम. अंडे उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो तेव्हा साखळ्या तुटत नाहीत, त्यांची घडी विस्कटते आणि त्या एकमेकींत गुंततात. पेशीतल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारी विकरेही बहुतेक प्रथिनेच. श्वसनाच्या साखळीत इलेक्ट्रॉन पुढे देणारे सायटोक्रोम सी हे लोहयुक्त प्रथिन जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी केंब्रिजमध्ये बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पेशींत दाखवले आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा आणि कडधान्ये यांच्या पोषणमूल्यावर काम केले. जे प्रथिन बटाट्यात तेच, थोड्या फरकाने, माणसातही काम करते; सजीवांच्या नात्याचा याहून सरळ पुरावा क्वचितच मिळेल.

मेद म्हटले की पोटावरची चरबी डोळ्यांपुढे येते, आणि त्याचे मोठे काम झाकले जाते. पेशीला आत आणि बाहेर असा भेद मिळतो तो मेदामुळे. फॉस्फोलिपिडच्या रेणूचे डोके पाण्याला धरून राहते आणि त्याच्या दोन शेपट्या पाणी टाळतात. असे रेणू पाण्यात पडले की शेपटीला शेपटी भिडवून त्यांचा दुहेरी थर आपोआप जुळतो. हेच पेशीपटल, जाडी अवघी ५ नॅनोमीटरच्या आसपास. कुस्करलेल्या केळ्यात मीठ आणि भांड्यांचा साबण घालून गाळले, आणि त्यावर थंडगार स्पिरिट अलगद सोडले, तर पांढरे तंतू वर येतात. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग हमखास असतो. साबणाने मेदाचे पटल फोडले म्हणून हे तंतू बाहेर आले, आणि त्यांत डीएनए हे न्यूक्लिइक आम्ल आहे.

न्यूक्लिइक आम्लांचा छडा १८६९ मध्ये फ्रीडरिश मीशर यांना जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातल्या पेशींत लागला. त्यांच्या साखळीतल्या चार प्रकारच्या घटकांच्या, म्हणजे क्षारकांच्या, क्रमात प्रथिनांचा पाठ लिहिलेला असतो. डीएनए तो सांभाळते आणि आरएनए तो कामाच्या जागी पोचवते.

कर्बोदकांना इंधन म्हणून बाजूला ठेवायची सवय आहे. भातातला स्टार्च आणि कापसातले सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, फक्त कड्या जोडण्याची तऱ्हा निराळी. तेवढ्यामुळे एक आपल्याला पचतो आणि दुसऱ्याचे मुंबईच्या गिरणगावात पिढ्यान्‌पिढ्या सूत निघाले. पण शर्करा पेशीची ओळखही सांगतात, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण या शहराच्या नावानेच जगभर ओळखले जाते.

डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत एक नवा रक्तगट नोंदवला. तो बॉम्बे रक्तगट. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर, पटलातल्या मेदांना आणि प्रथिनांना जोडलेल्या शर्करांच्या आखूड साखळ्या असतात. एक विकर त्यांच्या टोकाशी फ्यूकोज ही शर्करा बसवते. यालाच एच प्रतिजन, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा ओळखते अशी खूण, म्हणतात. त्यावर आणखी एक शर्करा चढली तर ए किंवा बी गट होतो, काहीच चढले नाही तर ओ. बॉम्बे गटात फ्यूकोजच बसत नाही. मग ए किंवा बीचे जनुक असूनही त्याला शर्करा चढवायला जागा उरत नाही. भारतात याचे जे कारण प्रामुख्याने सापडले ते पाहण्यासारखे आहे: डीएनएमध्ये एक क्षारक बदललेले, त्यामुळे विकराच्या साखळीत २४२व्या जागी ल्युसीन या ॲमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन, आणि विकर निकामी. जैवरेणूंचे चारही गट एकाच घटनेत गुंतले आहेत, आणि ते वेगवेगळ्या धड्यांत वाचून हे उमगत नाही.

भारतात साधारण १०,०००मागे एका माणसाचा हा गट असतो. युरोपात तो त्याहून कितीतरी विरळ. नेहमीच्या चाचणीत ए आणि बी यांचाच शोध घेतला जातो, त्यामुळे असे रक्त ‘ओ’ म्हणून नोंदले जाऊ शकते. प्रत्यक्षात या व्यक्तीच्या रक्तद्रवात एच प्रतिजनाविरुद्धही प्रतिपिंडे असतात, आणि ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर असतो. ते रक्त चढवले तर पेशी फुटून जीवावर बेतते. एच-विरोधी द्रवाने ओच्या पेशींच्या गुठळ्या होतात, बॉम्बेच्या होत नाहीत, यावरून निदान पक्के होते. रक्त मात्र त्याच गटाचे लागते. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करतात, कारण आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक भावंडात हा गट असण्याची शक्यता चारांत एक असते.