कंटेनर-समापन, स्वयंचलित चाचणीतील

स्वयंचलित चाचणीसाठी एकत्र चालविलेले व एकमेकांवर अवलंबून असलेले सॉफ्टवेअर कंटेनर (प्रोग्रॅम व त्याला लागणारे सर्व काही इतरांपासून वेगळे ठेवून चालविण्याचे कप्पे), चाचणी संपल्यावर किंवा मध्येच फसल्यावर, ठरावीक क्रमाने आणि मागे काही शिल्लक न ठेवता बंद करण्याची पद्धत. सोलापुरातील एखाद्या टॉवेल निर्यातदाराची मागणी-नोंदणी प्रणाली उदाहरणादाखल घेतली, तर तिच्या चाचणीत वेब अ‍ॅप्लिकेशन, पोस्टग्रेस डेटाबेस आणि चाचण्या चालविणारा कंटेनर असे किमान तीन कंटेनर उभे राहतात. डेटाबेस आधी बंद पडल्यास अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये जोडणी तुटल्याच्या तक्रारींची रीघ लागते व खरा दोष तीत दडून जातो. म्हणून सुरू करण्याच्या नेमका उलट क्रम पाळतात.

कंटेनर-संकल्पनेचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. काही लेखक १९७९ च्या सुमाराच्या युनिक्समधील ‘सीएचरूट’पर्यंत मागे जातात, तर काही २००० मधील फ्रीबीएसडीच्या ‘जेल’पासून आरंभ धरतात. समापनापुरते पाहिल्यास मात्र जानेवारी २००८ मधील लिनक्स २.६.२४ या आवृत्तीत आलेली, प्रक्रियांना (चालू प्रोग्रॅमना) स्वतंत्र क्रमांकांचे कुंपण घालणारी ‘पीआयडी नेमस्पेस’ ही सोय अधिक निर्णायक वाटते. सीएचरूटने केवळ फायलींचे क्षेत्र वेगळे केले होते. या सोयीमुळे कुंपणातील क्रमांक १ ची प्रक्रिया संपताच तेथील उरलेल्या सर्व प्रक्रिया कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) सक्तीने संपवतो.

समापनातील बहुतेक अडचणीही याच क्रमांक १ पाशी येतात. डॉकर (कंटेनर चालविणारे साधन) कंटेनर थांबविण्याचा आदेश मिळाल्यावर प्रथम ‘सिगटर्म’ हा आवरते घेण्यास सांगणारा सिग्नल पाठवतो, लिनक्सवर मुळात ठरलेले १० सेकंद वाट पाहतो आणि मग प्रक्रिया सक्तीने संपवणारा ‘सिगकिल’ देतो. परंतु क्रमांक १ च्या प्रक्रियेने सिगटर्म हाताळण्याची तरतूद स्वतः केलेली नसेल, तर तो सिग्नल तिच्यावर परिणामच करीत नाही. कंटेनर कसा घडवावा ते सांगणाऱ्या डॉकरफाइलमधील आदेश शेलमार्फत (आदेश वाचून चालविणाऱ्या प्रोग्रॅममार्फत) चालविला असता शेलच क्रमांक १ होऊन बसतो व सिग्नल खऱ्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवत नाही. अशा वेळी प्रत्येक कंटेनरमागे १० सेकंद वाया जातात आणि समाप्ती-संकेत (प्रक्रिया कशी संपली ते सांगणारा आकडा) १३७, म्हणजे १२८ अधिक सिगकिलचा क्रमांक ९, असा येतो. सिगटर्मने संपलेल्या प्रक्रियेचा संकेत १४३ असतो. उपाय दोन : आदेश शेलविना थेट देणे, किंवा डॉकर १.१३ (२०१७) पासून उपलब्ध असलेली सिग्नल पुढे पोहोचविणारी छोटी ‘इनिट’ प्रक्रिया क्रमांक १ वर बसविणे. पोस्टग्रेसची तऱ्हा निराळी आहे. सिगटर्म मिळाल्यावर तो जोडलेले ग्राहक निघून जाण्याची वाट पाहत राहतो, आणि ‘सिगइंट’ने मात्र त्यांच्या जोडण्या तोडून नीट बंद होतो; त्याच्या अधिकृत इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून उभा राहतो त्या साच्यात) थांबविण्याचा सिग्नल म्हणून सिगइंटच नेमलेला आहे.

कंटेनर परस्परांशी जोडणारा डॉकरचा ‘लिंक’ पर्याय २०१३ मधला असून तो आता जुना गणला जातो. त्याची जागा सामायिक नेटवर्कने घेतली आहे. क्रमाची जबाबदारी ‘फिग’ या साधनातून २०१४ मध्ये पुढे आलेल्या डॉकर कंपोझकडे असते. त्यातील ‘अबॉर्ट-ऑन-कंटेनर-एक्झिट’ हा पर्याय दिल्यास कोणताही एक कंटेनर संपताच सगळे थांबतात. सोलापूरच्या वाचकाला येथे ताण्याचा धागा तुटताच आपोआप थांबणारा माग आठवेल. साम्य पुरे नाही, कारण मागाला तुटलेला धागा आणि संपलेले बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) यांत गल्लत करून चालत असले, तरी चाचणीला ते चालत नाही : डेटाबेसातील तक्ते तयार करून यथास्थित संपलेला कंटेनरही या पर्यायामुळे सारे बंद पाडतो. पुढील आवृत्त्यांत म्हणून केवळ अपयशानंतर थांबण्याचा वेगळा पर्याय आला. एकूण निकाल कोणत्या कंटेनरच्या संकेतावरून धरावा, हे ‘एक्झिट-कोड-फ्रॉम’ने सांगता येते. व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनर संपल्यावरही टिकणारी साठवण, न पुसल्यास आधीच्या चाचणीतील नोंदी पुढच्या चाचणीत उतरतात.

चाचणी चालविणारा प्रोग्रॅमच कोसळल्यास आवरायला कोणी उरत नाही. टेस्टकंटेनर्स या संचात त्यासाठी ‘रायुक’ नावाचा वेगळा कंटेनर असतो. प्रोग्रॅमशी असलेली त्याची जोडणी तुटली की अल्प मुदतीनंतर तो खुणेची लेबले असलेले कंटेनर, नेटवर्क व व्हॉल्यूम काढून टाकतो. अनेक यंत्रांवर कंटेनर चालविणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीत सिगकिलपूर्वीची मूळ मुदत ३० सेकंद आहे.