आहारातील वनस्पतिज संयुगे आणि दाहक त्वचाविकार

सोरायसिस, इसब, मुरूम अशा विकारांत त्वचेचा दाह कमी करण्यासाठी उपयोगी मानली जाणारी अन्नातील वनस्पतिज द्रव्ये. हळदीतील करक्युमिन, कांद्यातील क्वेर्सेटिन आणि हिरव्या चहातील कॅटेचिने यांचा अभ्यास त्यांत अधिक झाला आहे.

बडोद्यात हा विषय थंडीत हमखास निघतो. खंडेराव मार्केटात ओली हळद येते, शेजारी फिकट आंबेहळद. मराठी घरांतही दोन्हींच्या चकत्या लिंबू पिळून, मीठ लावून बरणीत भरतात. ही गुजराती चव आता आपलीच झाली आहे. चिरताना बोटांना लागून सहजी न निघणारा पिवळा रंग करक्युमिनचा. आंबेहळदीला कैरीचा वास आहे, करक्युमिन मात्र फारच कमी. त्यामुळे ‘अंगावरचे चट्टे जातील’ म्हणून दोन्ही सारख्याच मानू नयेत.

पेशींतील एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन दाहाशी संबंधित जनुकांना चालना देते. प्रयोगशाळेत करक्युमिन त्याला आवर घालते, तर क्वेर्सेटिनमुळे मास्ट पेशींतून (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींतून) हिस्टॅमिन, म्हणजे खाज व सूज आणणारे द्रव्य, कमी सुटते. शरीरात गोष्ट वेगळी. वाळलेल्या हळदीत करक्युमिन साधारण २ ते ५ टक्केच. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून थोडेच शोषले जाते आणि त्याचेही यकृतात झटपट रूपांतर होते. अर्धा चमचा हळदीतून ते शंभर मिलिग्रॅमहून कमीच मिळते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत सोरायसिसच्या १२ रुग्णांना रोज ४.५ ग्रॅम करक्युमिनॉइडे (करक्युमिन व त्याची जवळची संयुगे) दिली, तरी चांगला उतार दोघांनाच पडला. चकत्या आवडीने खाव्यात. त्यांच्या भरवशावर मलम किंवा गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे.

मिरीतील पायपरीनमुळे करक्युमिनचे शोषण बरेच वाढते, पण इतर काही औषधांचे रक्तातील प्रमाणही वाढू शकते. पायपरीनयुक्त हळदीच्या कॅप्सूलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट हे औषध घेणाऱ्यांच्या यकृतावर आधीच ताण असतो, म्हणून त्यांनी अशा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

सोरॅलिन गटातील द्रव्ये निराळ्या स्वभावाची. ती बावची या औषधी वनस्पतीच्या बियांत आणि लिंबाच्या सालीतही असतात व त्वचेला अतिनील किरणांबाबत हळवी करतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोरॅलिन देऊन अतिनील-अ किरणांचा मोजका मारा करण्याची ‘पुवा’ ही सोरायसिसची प्रस्थापित उपचारपद्धती याच गुणावर उभी आहे. देखरेखीविना तोच गुण भाजतो: उत्तरायणाला (संक्रांतीला) गच्चीवर लिंबे पिळून हात न धुता दिवसभर उन्हात पतंग उडवल्यास हातांवर फोड आणि नंतर काळे डाग उठू शकतात.