शाळेची उद्दिष्टे घरापर्यंत कशी पोचली

जूनमध्ये शाळा उघडली की पुण्यातल्या अनेक प्राथमिक शाळांच्या पालकसभेत हल्ली एक वेगळाच विषय निघतो. यंदा शाळेने काय ठरवले आहे? दुसरीच्या वर्गातल्या किती मुलांना अर्थ समजून वाचता येते, किती जणांची वजाबाकी अजून अडते, मार्चपर्यंत कुठे पोचायचे? आधीच्या पिढीतल्या आईवडिलांना शाळेकडून कळायचे ते फक्त आपल्या पोराबद्दल. शाळेचे स्वतःचे कसे चालले आहे हे विचारायची रीत नव्हती आणि सांगायचीही नव्हती. ही रीत पडायला खूप वर्षे लागली, आणि तिचे बरेचसे धागे पुण्यातच सापडतात.

१८४८ साली जोतीराव फुल्यांनी बुधवार पेठेत, भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे त्यांच्या शाळा वाढल्या, तसा विरोधही वाढला. त्या काळात या शाळांच्या परीक्षा जाहीरपणे, लोकांसमोर होत. १८५३च्या परीक्षेला मोठी गर्दी लोटली होती. मुली वाचतात, हिशेब करतात, उत्तरे देतात, हे साऱ्या गावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, हा त्यामागचा हेतू मला फार मोलाचा वाटतो. फुल्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळेने काय साधले याचा याहून थेट पुरावा कोणता असेल!

पुढच्या काळात मात्र शाळेचा हिशेब लोकांऐवजी साहेबाकडे जाऊ लागला. खाजगी शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरू लागले, वर्षातून एकदा दिपोटी, म्हणजे सरकारी शाळा-तपासनीस, यायचा, मुलांना उभे करून प्रश्न विचारायचा आणि शेरा लिहून निघून जायचा. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी नेमके यावर बोट ठेवले. वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीचा फारसा उपयोग नाही, ती निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि अधूनमधून न कळवता व्हावी, असे त्यांनी सुचवले. प्राथमिक शिक्षकाला महिना किमान बारा रुपये पगार हवा, हेही त्याच निवेदनात आहे. तपासणी आणि शिक्षकाचे पोट या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच कागदात मांडल्या, ही त्यांची नजर आजही उपयोगी पडेल.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. १९४७च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने कारभाराची चौकट घालून दिली. वर्गखोल्या, शिक्षक, पट सगळे वाढत गेले, पण माहितीची दिशा तीच राहिली: शाळेकडून वर, कचेरीकडे.

घराकडे जायचे ते प्रगतिपुस्तक. एक मेला झेंडावंदन झाले की मुले वर्गात परतायची, गुरुजी नाव पुकारायचे आणि जाड पुठ्ठ्याचे ते पुस्तक हातात पडायचे. विषयवार गुण, हजर दिवस, उंची-वजन, खाली ‘वरच्या वर्गात घातला’ आणि पालकांच्या सहीसाठी एक ओळ. त्या ओळीपुरताच पालकांचा सहभाग. मुलाला गणितात कमी पडले तर दोष मुलाचा. वर्गातल्या निम्म्या मुलांना कमी पडले असतील तर काय, हा प्रश्न त्या पुस्तकात मावतच नसे.

प्रत्येक शाळेने आपल्या सुधारणेचा आराखडा स्वतः करावा, असलेल्या साधनांत काय करता येईल ते आधी पाहावे, हा विचार १९६४ ते ६६च्या कोठारी शिक्षण आयोगाने ठामपणे मांडला. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. त्यांनी सुरू केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ साली मुंबईहून पुण्यात, कोथरूडला आली. नाईकांनी हा आग्रह पुढेही सोडला नाही. तरीही शाळांचे आराखडे बहुतेक कपाटात राहिले, कारण ते कुणाला दाखवायचे हे कुठे लिहिलेलेच नव्हते.

ते लिहिले गेले २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात. १ एप्रिल २०१०पासून तो लागू झाला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, आणि शाळा विकास आराखडा करण्याचे काम याच समितीचे. सरकारने किंवा पालिकेने द्यायच्या अनुदानाचा आधार हा आराखडा असेल, असेही कायदा म्हणतो. शिक्षकांनी पालकांशी नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगावी, हे तर कर्तव्यच ठरवले आहे. अडचण एवढीच की नियमांत आराखड्याचा जो मजकूर सांगितला आहे तो मुख्यतः पट, शिक्षक, खोल्या आणि पैसा यांचा. मुले काय शिकली हे त्यात दिसत नाही.

शिकण्याची बाजू दुसऱ्या वाटेने आली. २०१०मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले, गुणांऐवजी श्रेणी आणि वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना चांगली होती. पण ‘कविता तालासुरात म्हणते’, ‘शालेय शिस्त पाळतो’ अशा तयार नोंदी एकाच यादीतून उतरवल्या जाऊ लागल्या आणि पालक विचारू लागले, नापासच करत नाहीत तर येतंय की नाही ते कळणार कसं? त्याआधी २००५पासून ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीचे कार्यकर्ते ग्रामीण भागात घरोघर जाऊन, घरच्यांच्या समोरच मुलांना अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे वाचायला देत होते. पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे त्यातून उघड झाले. २०१५चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आणि पुढे सात क्षेत्रांतल्या ४६ मानकांवर शाळेने स्वतःला तपासायची शाळासिद्धी, हे त्यानंतरचे टप्पे. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने उद्दिष्ट इतके सोपे करून सांगितले की ते कुणालाही घरी ताडून पाहता येईल: तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत आणि ९९९९पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात.

पहिलीत येणाऱ्या मुलांसाठीचा ‘पहिलं पाऊल’ मेळावा पाहिला तर फरक लगेच कळतो. मैदानात किंवा व्हरांड्यात टेबले मांडलेली असतात. मूल एकेका टेबलावर जाते, उड्या मारते, रंग ओळखते, चित्रावर बोलते, वस्तू मोजते. विकास पत्रात नोंदी होतात आणि ते पत्र आईच्या हातात जाते. काय येते आणि काय घरी करून घ्यायचे, हे तिला तिथल्या तिथे समजते. शाळेचे साल सुरू होण्याआधीच ती त्या उद्दिष्टात सामील झालेली असते. पहिलीत असे घडते, तर शाळेच्या आराखड्याच्या बाबतीत का घडू नये?

पुण्यात अजून दोन गाठी सुटायच्या आहेत. विनाअनुदानित खाजगी शाळांना व्यवस्थापन समितीची ही तरतूद लागू नाही. तिथला पालक-शिक्षक संघ २०११च्या शुल्क नियमन कायद्यात येतो, त्यामुळे बोलणे बहुतेक फीवर अडकते आणि शाळेची शैक्षणिक उद्दिष्टे विचारायचे राहून जाते. दुसरी गाठ महापालिकेच्या शाळांची. इथे मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा आहेत, आणि अनेक मुलांच्या आया धुणीभांडी किंवा बांधकामावर काम करतात. दुपारची सभा म्हणजे त्यांचा अर्ध्या दिवसाचा खाडा. सभा संध्याकाळी ठेवावी, विकास आराखडा सोप्या भाषेत मोठ्या अक्षरात फाटकाजवळ लावावा आणि त्याच्या शेजारी गेल्या वर्षी ठरवलेल्यातले काय झाले, काय राहिले, हेही लिहावे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. मुख्याध्यापक आणि समिती यांनी पुढच्याच बैठकीत ठरवले तरी पुरे.