प्रयोगशाळेनंतर आणि कारखान्याआधी

खारघरच्या टाटा मेमोरियलच्या 'अ‍ॅक्ट्रेक' केंद्रात जून २०२१मध्ये रक्ताच्या कर्करोगावरची, भारतात विकसित झालेली कार-टी उपचारपद्धती पहिल्यांदा रुग्णावर वापरली गेली. यात रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत एक नवं जनुक घालायचं आणि त्या परत शरीरात सोडायच्या. या पेशी मग 'सीडी१९' हे प्रथिन असलेल्या बी-पेशी हुडकून मारतात. रक्ताच्या काही कर्करोगांत याच बी-पेशी बेसुमार वाढलेल्या असतात.

पेशींची रचना आयआयटी मुंबईत प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने केली, चाचण्यांची बाजू टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी सांभाळली आणि उत्पादनासाठी आयआयटीतूनच 'इम्युनोअ‍ॅक्ट' ही कंपनी निघाली. ऑक्टोबर २०२३मध्ये या उपचाराला 'नेक्सकार१९' या नावाने मंजुरी मिळाली. परदेशात काही कोटींना पडणारा उपचार इथे साधारण दहाव्या हिश्श्यात आला.

मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो मधला टप्पा. उंदरात यशस्वी झालेली पेशी माणसाला द्यायची, तर प्रत्येक बॅच एकाच रुग्णासाठी बनते. ती निर्जंतुक हवी, तपासलेली हवी, तिची नोंद पक्की हवी. हे काम अतिशय किचकट असतं. त्यातून प्राध्यापकाला शोधनिबंध मिळत नाही आणि कंपनीला नफा अजून दिसत नाही. बहुतेक चांगल्या कल्पना इथेच अडकतात. या प्रकल्पात चाचणीसाठी 'बायरॅक' या जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या सरकारी संस्थेचा निधी मिळाला, आणि संशोधक स्वतःच उत्पादनाच्या बाजूला उतरला.

हाच मधला टप्पा कसा रिकामा राहतो, ते पाहायला नवी मुंबईतल्या ठाणे-बेलापूर पट्ट्याकडे पाहा. रेल्वेच्या पूर्वेला रबाळे, महापे, पावणे, तुर्भे इथले एमआयडीसीचे कारखाने. पश्चिमेला ऐरोली, कोपरखैरणे, वाशीची अभियांत्रिकी महाविद्यालयं. अंतर रिक्षाने जाण्याइतकं, तरी येणंजाणं बहुतेक इंटर्नशिपच्या पत्रापुरतंच. कारखान्याला गाळणी का तुंबते याचं उत्तर या आठवड्यात हवं असतं. विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट परीक्षेच्या वेळापत्रकावर चालतो. त्यावर इलाज म्हणजे एम.टेक.चा विद्यार्थी वर्षभर कारखान्यातच बसवणं, आणि त्याचा पगार कारखान्याने देणं.

दुसरा तिढा गुप्ततेचा. प्राध्यापकाची बढती प्रकाशनांवर अवलंबून, तर मालकाला प्रक्रिया बाहेर जाऊ द्यायची नसते. शोध आधी छापला, तर काही अपवाद वगळता पेटंटचा हक्क जातो. मात्र आपल्या कायद्यात तात्पुरता अर्ज आधी दाखल करता येतो आणि पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. अर्ज केल्यावर निबंध छापायला हरकत राहत नाही. ही साधी सोय अनेक करारांच्या वाटाघाटींत कुणाला आठवतच नाही, याचं वाईट वाटतं.

शोधाची मालकी कुणाची, हा प्रश्नही सुरुवातीलाच सोडवावा लागतो. सरकारी पैशातून लागलेल्या शोधांबाबत अमेरिकेने १९८०मध्ये बे-डोल कायदा केला; त्याने शोधाची मालकी संशोधन करणाऱ्या संस्थेला ठेवता येते. आपल्याकडे तशा धर्तीचं विधेयक २००८मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं आणि २०१४मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे प्रत्येक संस्थेचं धोरण वेगळं, आणि करार दर वेळी पहिल्या ओळीपासून लिहायचा.

सगळा दोष महाविद्यालयांवर टाकणंही बरोबर नाही. कोहेन आणि लेव्हिन्थाल या अभ्यासकांनी १९९०मध्ये दाखवलं, की बाहेरचं ज्ञान पचवायला कंपनीकडे स्वतःचं थोडं तरी संशोधन असावं लागतं. वीस-पंचवीस कामगारांच्या रासायनिक कारखान्यात प्राध्यापकाचा अहवाल वाचून भट्टीचं तापमान बदलणारा माणूसच नसेल, तर तो अहवाल कपाटात जातो.

पण याच पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांनी एकेकट्याला न परवडणारी गोष्ट एकत्र येऊन केलेली आहे: सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र. त्याच धर्तीवर दहा-बारा कारखान्यांनी मिळून एक अनुभवी रसायन अभियंता नेमावा. त्याने आठवड्यातले दोन दिवस महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणि बाकीचे दिवस प्लान्टवर घालवावेत. पहिलं काम छोटं असावं, एखाद्या उत्प्रेरकाची चाचणी किंवा वाया जाणाऱ्या उष्णतेचं मोजमाप, आणि त्याचा करार दोन पानांत मावावा.